एक मूल निरीक्षणगृहात, बाकीची घरात

वाचकांचे प्रश्न

अठराच्या आतल्या मुलांवरची गुन्ह्यांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळाचं कामकाज कसं चालतं, यावर गेल्या अंकात लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये पकडलेल्या मुलापेक्षा त्याच्या भावाबहिणींविषयीच जास्त विचारलं आहे. तेही साहजिकच, कारण आत असलेल्या मुलासाठी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतो, मंडळ असतं, अधीक्षक असतात. घरात उरलेल्यांसाठी कायद्याने कुणीच नेमलेलं नाही. पत्रलेखकांची नावं आणि गावं मुद्दाम छापलेली नाहीत, फक्त जिल्हा ठेवला आहे. उत्तरं परिविक्षा, समुपदेशन आणि वकिली या तीन क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझा मोठा मुलगा १६ वर्षांचा. मोबाईल चोरीच्या प्रकरणात मित्रांबरोबर त्याला पकडलं, आता रिमांड होममध्ये (निरीक्षणगृहात) आहे. घरी ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा धाकटा. दोघांना सांगितलं आहे की दादा सुरतला मामाकडे कामाला गेलाय. धाकटा रात्री अंथरूण ओलं करायला लागलाय. मुलगी माझ्याशी बोलतच नाही. खरं सांगितलं तर शाळेत बोलून बसतील, ही भीती. — एक आई, जळगाव जिल्हा

ताई, मुलीला बहुतेक सगळं ठाऊक आहे. गल्लीत पोलीस येऊन गेले की अकरा वर्षांच्या मुलीला ते शाळेच्या वाटेवरच कळतं. ती गप्प आहे कारण घरात जे सांगितलं जातं ते खोटं आहे हे तिला माहीत आहे, आणि ते खोटं आपणही सांभाळायचं असं तिने ठरवून टाकलंय. शिवाय मामा फोनवर एकदा चुकून काही वेगळं बोलला की सुरतची गोष्ट संपली. त्यानंतर तुम्ही खरं सांगाल तेही मुलं मानणार नाहीत.

दोघांना वेगवेगळं बसवून सांगा. धाकट्याला तीन-चार वाक्यं पुरेत : ‘दादाने दुसऱ्याची वस्तू घेतली असं पोलीस म्हणतात. खरं काय ते बघायला साहेब लोक बसलेत. तोवर दादा मुलांच्याच एका घरात आहे, तिथे जेवण, झोप, शाळा सगळं आहे. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. या वयाची मुलं मनात हिशेब मांडतात : मी दादाचं नाव सांगितलं होतं, मी त्याच्याशी भांडलो होतो, म्हणून त्याला नेलं. मुलीला थोडं जास्त सांगा. मंडळ म्हणजे काय, पुढची तारीख कधी, निकाल अजून लागलेला नाही, आणि निरीक्षणगृह ही शिक्षेची जागा नसून चौकशी चालू असताना ठेवायची जागा आहे.

‘लवकर येईल’ म्हणू नका; ‘अमुक तारखेला मंडळ बसणार आहे, त्या दिवशी संध्याकाळी मी सांगते’ असं म्हणा, आणि त्या संध्याकाळी बातमी चांगली नसली तरी सांगा. ‘जेवला नाहीस तर पोलीस तुलाही नेतील’ हे आपल्याकडे सर्रास तोंडातून जातं. या घरात आता ते बंद. ‘दादासारखा होऊ नकोस’ हेही बंद. त्याने दादाही वाईट ठरतो आणि धाकट्याच्या नावावरही शंका लागते.

शाळेत बोलतील याची भीती खरी आहे. त्यासाठी खोटं नको, एक तयार वाक्य द्या : ‘ते आमच्या घरचं आहे, मला त्यावर बोलायचं नाही.’ घरी चार वेळा म्हणवून घ्या. कुणाशी बोलायला चालेल तेही ठरवून द्या. आई, आजी, एखाद्या मॅडम, एवढी दोन-तीन माणसं.

अंथरुणाचं : रागावू नका, भावंडांसमोर विषय काढू नका, ओली गोधडी बहिणीला धुवायला सांगू नका. गोधडीखाली रेक्झिन टाका, झोपण्याआधी लघवीला पाठवा, उशाशी कोरडी चड्डी ठेवा. पाणी तोडू नका. दिवसा भरपूर द्या, रात्रीच्या जेवणानंतर कमी करा. आधी कोरडा राहणारा मुलगा पुन्हा ओलं करायला लागला तर बहुतेक वेळा मनावरचा ताण असतो, पण लघवीला जळजळ, फार तहान, वजन उतरणं किंवा शौचाला घट्ट होणं असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडून लघवी आणि साखर तपासून घ्या. तसं काही नसेल तरी महिनाभरात फरक पडला नाही तर सरकारी रुग्णालयात दाखवा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

भेटीला मुलांना न्यायचं असेल तर आधी अधीक्षकांना विचारा. भेटीचा वार आणि वेळ प्रत्येक ठिकाणी ठरलेली असते, आणि लहान भावंडांना सोडायचं की नाही हे तिथेच कळतं. नातं दाखवायला रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. घरचा डबा चालतो का हेही फोनवरच विचारा. फाटकावरून डबा परत आला की धाकटा तिथेच रडायला लागतो. पहिल्या खेपेला मुलीलाच न्या. आधी सांगून ठेवा की फाटकावर नोंद होते, वेळ थोडा मिळतो, दादाचे केस कापलेले असतील, तो रडेल किंवा अजिबात बोलणार नाही. तिला जायचं नसेल तर ओढून नेऊ नका; चिठ्ठी किंवा चित्र पाठवू द्या. दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर ती भेट टाळा.

प्रश्न : मी २० वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. भावाचा जामीन होऊन बारा दिवस झाले, पण शेतवाला जामीनदार मिळत नाही म्हणून तो आतच आहे. ‘सगळं मॅनेज करतो’ म्हणणाऱ्या एका माणसाला वडिलांनी पैसे दिले, त्यासाठी आईची पोत गहाण टाकली. मी कॉलेज सोडून मेडिकलवर कामाला लागले. आता काय करू? — एक बहीण, धुळे जिल्हा

आधी तारीख बघ. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १२(४) प्रमाणे जामिनाचा आदेश झाल्यापासून सात दिवसांत अटी पूर्ण करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून त्या अटी बदलायच्या असतात. तुमचे बारा झाले. हे आपसूक व्हायला हवं, पण अर्ज ठेवला की फाईल लवकर वर येते. अर्ज एका पानाचा पुरे : आदेशाची तारीख, कोणती अट जमत नाही आणि का, घरात कोण किती कमावतं, आणि विनंती की पालकांच्या हमीपत्रावर, हवं तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, सोडावं. कलम १२ मध्ये जामीनदारासह ‘किंवा त्याविना’ सोडण्याची सोय आहे. सातबारा असलेला माणूस मिळालाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही.

अर्ज लिहायला वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, फोन १५१००. मुलांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि निरीक्षणगृहात असलेल्यांना ही मदत मिळताना उत्पन्न बघितलं जात नाही. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली किमान एक महिला असते. तिथे बाहेरचा माणूस ‘मॅनेज’ करण्यासारखं काही नसतं. त्या माणसाकडे पावती मागा, देणार नाहीच. पुढचा पैसा मात्र थांबवा आणि पोत सोडवा. चोरीच्या प्रकरणापेक्षा त्याच्यासाठी काढलेल्या कर्जाने घर जास्त काळ वाकलेलं राहतं, आणि ते फेडायला बहुतेक वेळा धाकट्यांची शाळा जाते.

जामीन नाकारायला कायद्यात तीनच कारणं आहेत : सुटल्यावर ज्ञात गुन्हेगारांची संगत लागेल, मुलाला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतू विफल होईल. नाकारताना कारण लिहावं लागतं. तुमच्या घराला जामीन मिळालाय, म्हणजे हा अडथळा पार झालाय. ज्यांचा नाकारला गेला त्यांनी कोणतं कारण लिहिलंय ते वाचून त्यालाच उत्तर द्यावं. संगतीचं असेल तर ‘आत्याकडे दुसऱ्या गावी ठेवतो, तिथल्या शाळेत प्रवेश घेतो’ असं आत्याच्या लेखी संमतीसह मांडावं. मंडळाच्या आदेशाविरुद्ध बालक न्यायालयात (मंडळाच्या वरच्या न्यायालयात) ३० दिवसांत अपील करता येतं.

आता सामाजिक तपासणी अहवाल. मुलाला पकडल्याची खबर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत परिविक्षा अधिकाऱ्याने हा द्यायचा असतो, आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. अधिकारी घरी येतात तेव्हा वडील कामावर, आई शेतात कापूस वेचायला, आणि शेजारी दारात उभे, हे नेहमीचं. मग शेजाऱ्यांचं म्हणणं अहवालात जातं. फोन करून वेळ ठरवून घ्या, त्या दिवसाची मजुरी बुडवा. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘आमचा पोरगा तसा नाहीच’ हे एकच उत्तर. अधिकाऱ्याला हवं असतं ते हे : तो कधी उठतो, कुणाबरोबर हिंडतो, शाळा कधी आणि का सुटली, व्यसन आहे का, घरात कुणाचं ऐकतो. नमुन्यात भावंडांशी संबंध कसे आहेत याची वेगळी नोंद असते. तिथे तुझं म्हणणं दे. ‘तो माझं ऐकतो, मी त्याला दहावीचा अभ्यास करवते’ हे बहिणीने सांगितलेलं वाक्य उपयोगी पडतं. खरं असेल तरच, हे सांगायला नको.

वयाचा कागद जपा. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावलेली पोरं निम्म्या गावांत सापडतील. कलम ९४ चा क्रम असा : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार या यादीत नाही. पहिल्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढून ठेवा. वय १८ च्या आसपास दिसतं म्हणून मोठ्यांच्या कोर्टात नेलं असेल, तर वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही काढता येतो.

किती दिवस चालेल? चौकशी पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवता येतात. जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, म्हणजे साध्या चोरीत, वाढीव मुदतीतही ती संपली नाही तर प्रकरण बंद होतं. १६ ते १८ वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा असेल तर मात्र तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन होतं आणि प्रकरण बालक न्यायालयात जाऊ शकतं. प्रेमप्रकरणातून पळून गेलेल्या सतरा वर्षांच्या पोरांवर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो तेव्हा हेच होतं, आणि घरचे ‘पळून गेले होते, चोरी थोडीच केली’ म्हणत गाफील राहतात.

आणि तुझं कॉलेज. नाव काढू नकोस, परीक्षेचा अर्ज तेवढा भर. हजेरीचं प्राचार्यांना लेखी दे; कारण ‘कौटुंबिक अडचण’ एवढंच लिही. नियमित जमणारच नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात प्रवेश घे, पण वर्ष मोकळं सोडू नकोस. भाऊ आत गेला की घरातली एक बहीण आई होऊन बसते, आणि तो परत आल्यावरही तिला त्या जागेवरून कुणी उठवत नाही. कामं वाटून घ्या : तारखांना वडील, भेटीला आई, कागद तुझ्याकडे. मेडिकलचं काम संध्याकाळपुरतं ठेवता येतं का बघ.

प्रश्न : पुतण्याला सुरतमध्ये पकडलं. तिथे तो कामाला होता. भावजयीला पावरी या आमच्या आदिवासी बोलीशिवाय बोलता येत नाही, पोराला गुजराती समजत नाही. घरी तीन लहान लेकरं. केस नंदुरबारला आणता येईल का? — एक काका, नंदुरबार जिल्हा

काका, लगेच नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९५ प्रमाणे मुलाला त्याच्या जिल्ह्यात पाठवता येतं, पण कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाच्या बाबतीत चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्यानंतरच. बरीच कुटुंबं आधी बदलीचा अर्ज करून दोन महिने घालवतात. त्याऐवजी सुरतच्या मंडळासमोर जामीन मागा. तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील घ्या, घराचा पुरावा आणि शाळेचा उतारा द्या, आणि नंदुरबारच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सांगून घरची चौकशी नंदुरबारच्या परिविक्षा अधिकाऱ्याकडून करून घ्यावी अशी विनंती करा. सुरतच्या अधिकाऱ्याने सातपुड्यातलं घर न पाहता अहवाल लिहिला तर त्यात ‘पालकांचा संपर्क नाही’ असं सहज येतं. जामीन झाला तरी तारखांना सुरतला जावं लागेल. भुसावळ-सुरत मार्गाच्या गाड्या नंदुरबारहून आहेत, त्यांचा खर्च आधीच धरून चाला.

भाषेचं मात्र आजच मागा. मुलाला कळत नसेल तर दुभाषी देणं हे मंडळाचं काम आहे, कलम ८ मध्ये लिहिलंय. न समजता मान हलवलेल्या पोराचं म्हणणं ‘कबूल’ म्हणून लिहिलं जाऊ शकतं. भावजयीबरोबर प्रत्येक वेळी पावरी आणि हिंदी दोन्ही जाणणारा एकच माणूस जाऊ द्या. दर वेळी नवा माणूस, तर दर वेळी नवी गोष्ट होते.

लेकरांना आई तारखेला गेली की कोणाकडे ठेवायचं ते आधी ठरवा, आणि आश्रमशाळेत असतील तर त्यांना घरी आणू नका. घर सांभाळायला मोठीला शाळेतून काढणं हा पहिला विचार येतो; तो शेवटचा असू द्या. तुमचा भाऊ, म्हणजे लेकरांचा बाप, हयात नसेल किंवा गंभीर आजारी असेल तर धाकट्यांना बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये प्रत्येकी मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. दादा निरीक्षणगृहात आहे एवढ्या कारणावर ही योजना मिळत नाही, आणि मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : आठवीतल्या एका विद्यार्थिनीचा भाऊ खुनाच्या प्रकरणात आहे. वर्गात तिला ‘खुनीची बहीण’ म्हणतात. पालक येऊन ‘तिला काढा’ म्हणून गेले. संस्थेचा कल दाखला देण्याकडे आहे. शिक्षक म्हणून काय करावं? — एक शिक्षक, जळगाव जिल्हा

सर, आठवी म्हणजे अजून प्राथमिक शिक्षण. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ते पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ मानसिक छळाला बंदी करतं. पालकांनी स्वतःहून दाखला मागितला असं दाखवून ही गोष्ट कागदावर गोड केली जाते. म्हणून मुलीच्या आईला आधीच सांगा की कशावरही सही करू नका.

वर्गात भाषण देऊ नका. ‘हिला त्रास देऊ नका’ असं सगळ्यांसमोर म्हटलं की ज्या चार पोरांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. चिडवणारे दोघे-तिघे असतात, त्यांना एकेकाला बोलवा. मधली सुट्टी आणि शाळा सुटण्याची वेळ, या दोन वेळा सांभाळा. चिडवणं तासात कमी आणि सायकलस्टँडवर जास्त होतं. तिला रोज दहा मिनिटं लागतील असं एखादं काम द्या, पेटीवाचनालयाची नोंद वगैरे, म्हणजे सुट्टीत जागा असेल. भेटीच्या किंवा तारखेच्या दिवशीची गैरहजेरी विचारू नका. सलग तीन दिवस आली नाही तर मात्र त्याच दिवशी घरी जा. आठवी-नववीतली मुलगी घरच्या अशा प्रसंगात गळाली की बहुधा परत येत नाही.

प्रश्न : धाकट्या भावावर बाल न्याय मंडळात केस आहे. मी पोलीस भरतीची तयारी करतोय. माझी पडताळणी अडकेल का? — धुळे जिल्हा

नाही. चारित्र्य पडताळणी उमेदवाराची होते. अर्जात तुमच्यावरच्या गुन्ह्यांविषयी विचारतात, ते खरं लिहा. त्याच प्रकरणात तुमचंही नाव असेल तरच प्रश्न येईल.

भावाचंही पुढचं बंद होत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मंडळाने दोषी धरलं तरी त्याची अपात्रता राहत नाही, अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. बालक न्यायालयाने प्रौढ म्हणून चालवलेलं प्रकरण हा अपवाद. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी द्यायची नाही, असं कलम ७४ सांगतं. बालवयातल्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केंद्रीय दलातल्या एका भरतीच्या बाबतीत म्हटलं आहे.

प्रश्न : मुलाचा फोटो आणि नाव गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. नंतर भाऊबंदांनी कानबाईच्या रोटांना (कुळाच्या सणाच्या एकत्र जेवणाला) आम्हाला बोलावलं नाही. माझ्या दोन्ही मुली तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत. — एक वडील, धुळे जिल्हा

फोटोचं आधी. मूल ओळखू येईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो कुठल्याही माध्यमात देणं हा कलम ७४ चा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपही त्यात आला. संदेशाचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा क्रमांक, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मग अ‍ॅडमिनला लिहून ‘काढा’ म्हणा. घाईत उलटं केलं, म्हणजे आधी भांडण, तर ते पुसतात आणि पुरावा जातो. तक्रार पोलीस ठाण्यात, प्रत बाल न्याय मंडळाला. बहुतेक ठिकाणी तक्रारीची प्रत दाखवताच फोटो निघतो, आणि मुलींसाठी तेच महत्त्वाचं.

रोटांचं कठीण आहे. एका घराने बोलावलं नाही तर कायदा काही करू शकत नाही. पण पंच बसून ‘यांच्याकडे जायचं नाही, रोटी-बेटी बंद’ असं ठरवलं असेल, दंड मागितला असेल, तर सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. कोण कोण बसलं होतं, कधी, काय ठरलं, हे लिहून ठेवा. दोन्हींतला फरक नीट बघा. नुसता रुसवा असेल तर तक्रारीने तो पक्का होतो. भाऊबंदांतलं एखादं घर बोलतं असतं, तिथल्या काकू किंवा वहिनीला मुलींना बाजाराला, देवळात बरोबर न्यायला सांगा. मुलींना बाहेर काढायचं ते असं, उपदेशाने नाही.

प्रश्न : लोक बोलायला लागले, पुढे स्थळ मिळणार नाही. मुलगी सतराची आहे, यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) उरकून टाकावं असं घरात चाललंय. — नंदुरबार जिल्हा

उरकू नका. अठराच्या आत लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. एका मुलाची केस चालू असताना बापावर दुसरी ओढवून घ्यायची, आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात तेही जाऊ द्यायचं? मुलगी ऐकत असेल तर तिला सांगा : १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर स्वतः फोन करता येतो.

प्रश्न : मुलगा सात महिन्यांनी घरी येतोय, मंडळाने दोन वर्षं परिविक्षेवर सोडलंय. तेरा वर्षांचा धाकटा म्हणतो, ‘तो आला तर मी घरात राहणार नाही.’ कधी मात्र मित्रांना भावाच्या फुशारक्या सांगतो. — एक आई, जळगाव जिल्हा

दोन्ही खरं आहे, ताई. सात महिने घरातलं सगळं, पैसा, वेळ, आईचं रडणं, मोठ्याच्या नावाने गेलं. धाकट्याने सहलीचे पैसे मागितले नाहीत, तापात कुरकूर केली नाही, आणि हे कुणी पाहिलंही नाही. येण्याआधी त्याच्याशी बसा आणि हिशेब मोकळा करा : काय काय राहिलं, ते त्याला बोलू द्या. ‘भाऊ आहे, समजून घे’ हे पहिल्या दिवशी नको.

जागेचं आधी ठरवा. मोठ्याची खाट, कपाट, मोबाईल या काळात धाकट्याकडे गेलेलं असतं. ते न विचारता परत घेतलं की पहिली मारामारी तिथेच होते. मोठ्याला वेगळा कोपरा द्या, धाकट्याची वस्तू धाकट्याकडेच राहू द्या.

आल्याच्या दिवशी पाहुणे बोलावू नका. पहिले दोन आठवडे झोप वेळीअवेळी असते, दार वाजलं की दचकणं असतं, जेवण भराभर संपवणं असतं. त्यावर विनोद होऊ देऊ नका. ‘आत काय असतं?’ हे धाकटा विचारणारच. मोठ्याला सांगून ठेवा की विचारलं तर खरं सांग, पण शौर्याच्या गोष्टी नकोत. आत मारामारी जिंकल्याची गोष्ट तेरा वर्षांच्या पोराला फार गोड लागते, आणि दादाचे जुने मित्र आधी दादाकडे नाही, धाकट्याकडेच येतात : ‘त्याला निरोप दे, ही पिशवी ठेव.’ निरोप पोचवायचा नाही, पिशवी घ्यायची नाही, आणि मला त्याच दिवशी सांगायचं, सांगितल्याबद्दल रागावणार नाही. एवढं त्याच्याकडून ठरवून घ्या.

परिविक्षेच्या आदेशात काय लिहिलंय ते वाचून भिंतीवर लावा. शाळेत जाणं, व्यसनमुक्ती केंद्र, एखाद्या ठिकाणी न जाणं, अशा अटी असू शकतात. हमीपत्र तुम्ही दिलंय, म्हणून तारखा तुमच्याही आहेत. शाळेचं लगेच बघा : जुनी शाळा घेत असेल तर तीच, दहावीला नियमित बसणं जमणार नसेल तर १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते, पण त्याची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते.

परिविक्षा अधिकारी घरी येतील तेव्हा धाकट्याला बाहेर खेळायला पाठवू नका. अधिकाऱ्यांना सांगा की दहा मिनिटं त्याच्याशी एकट्याशी बोला. मोठ्याच्या वैयक्तिक काळजी योजनेत (त्याच्यासाठी पुढे काय करायचं याच्या लेखी आराखड्यात) धाकट्याचा उल्लेख आणि समुपदेशनाची सोय लिहून घेता येते. अहवाल दाखल होण्याच्या आधी मागा, नंतर ती ओळ घालून घ्यायला पुन्हा पुढच्या तारखेची वाट पाहावी लागते.